हद्दीबाहेर सुरू होणारी कोंडी

कोल्हापुरात वाहतुकीचा विषय निघाला की बोटं ठरावीक चौकांकडेच वळतात. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, बिंदू चौक, पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, ताराराणी चौक. उपायही प्रत्येकाकडे तयार असतो. इथं उड्डाणपूल बांधा, तिथला रस्ता एकेरी करा, अमक्या ठिकाणचे फेरीवाले हलवा, तमका सिग्नल बंद करा. मी पंचगंगेपलीकडच्या गावात राहते आणि बरीच वर्षं लक्ष्मीपुरीत कामाला येते. दोन्ही काठांवरून हे शहर बघताना मला सारखं वाटत आलंय, की या सगळ्या चर्चेत कोंडीचा पत्ताच चुकतोय. सकाळी दहाला दसरा चौकात खोळंबलेल्या गाड्यांमधल्या कितीतरी गाड्या वडणगे, आंबेवाडी, चिखली, केर्ली, बालिंगा, कळंबा, पाचगाव, उचगाव, शिये अशा गावांतून निघालेल्या असतात. त्या गावांतल्या घराघरांत सकाळी सातच्या सुमाराला, चहा पिता पिता, एक गोष्ट ठरते. आज बसनं जायचं की गाडी काढायची? चौकात आपल्याला दिसते ती या ठरवण्याची बेरीज.

माझ्या घरापासून चार घरं सोडून एक मुलगी राहते. अकरावीला तिनं शहरातल्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा तिचा बसचा पास काढायला तिचे वडील स्वतः गेले होते. त्यांच्या घरातलं पुलापलीकडं शिकायला जाणारं ते पहिलंच माणूस. बारावीपर्यंत बसवर निभावलं. पुढं प्रॅक्टिकलची वेळ बदलली, आणि नेमकी त्या वेळेची फेरी बंद झालेली. आधीची गाडी धरायची तर धारा काढायच्या वेळेला आईला एकटीला टाकून पळायचं; नंतरची धरली तर प्रॅक्टिकल बुडायचं. "काकू, गाडी येणार का नाही एवढं जरी कुणी सांगितलं असतं ना, तरी मी थांबलो असतो," ती मला म्हणाली. "नुसतंच फाट्यावर उभारायचं, आणि नऊ वाजले की रडकुंडीला यायचं. किती दिवस?" दिवाळीत त्यांच्याकडं मोपेड आली, हप्त्यावर. हप्त्याला दुधाचं बिल जातं. म्हणजे दोन म्हशींच्या दुधातला घरखर्चाचा वाटा आता त्या गाडीच्या चाकाखाली गेला.

त्या मोपेडला नावं ठेवायची माझी तयारी नाही. मुलीचं शिक्षण तिच्यामुळं टिकलं. पण तिच्याबरोबर काय काय झालं ते बघा. बसला पक्का, रोजचा, पास काढणारा प्रवासी गमवावा लागला. अशी पाच-दहा मुलं गेली की त्या फेरीचं उत्पन्न घटतं. उत्पन्न घटलं की फेरी परवडत नाही म्हणून पुढची फेरी बंद होते. मग तिच्यावर अवलंबून असलेली आणखी पाच-दहा माणसं गाड्या घेतात. कुठल्याही गावात विचारा, बस बंद होण्याची गोष्ट अशीच ऐकायला मिळेल. आणि प्रत्येक वळणावर शहरातल्या चौकात थोड्या गाड्या वाढत जातात.

किती वाढतात याचा हिशेब रस्ते बांधणाऱ्यांच्याच पुस्तकात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहन रस्त्याची किती जागा खातं ते मोटारीच्या मापानं दिलंय. मोटार म्हणजे एक. रस्त्यावर दुचाक्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर एक दुचाकी म्हणजे पाऊण. बसला जास्तीत जास्त धरायचं तरी ३.७. आता चाळीस माणसं एका बसमध्ये बसवली तर रस्त्यावर पावणेचार मोटारींएवढी जागा गेली. तीच चाळीस माणसं एकेकटी दुचाकीवर आली तर तीस मोटारींएवढी. डबलसीट आली तरी पंधरा. आणि ती मोटारीतून आली तर काय होतं ते राजारामपुरीत संध्याकाळी कुणीही बघावं. शिवाय बस माणसं उतरवून पुढं निघून जाते, मोटार दिवसभर मुक्काम करते. उघड्यावर एक मोटार लावायला, तिची आत-बाहेरची वाट धरून, नियोजनकार २३ चौरस मीटर जागा धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराचं किमान क्षेत्रफळ आहे २५ चौरस मीटर. माणसाच्या संसाराला आणि मोटारीच्या विसाव्याला आपण जवळजवळ सारखीच जमीन देतोय, आणि मोटारीची जमीन शहराच्या मधोमध, सगळ्यात महागड्या ठिकाणी.

रस्ते रुंद करून हे सुटेल असं वाटणारे खूप आहेत. या शहरानं तो प्रयोग मोठ्या खर्चानं केलाय. शहरातले प्रमुख रस्ते बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीनं झाले, २०१३ मध्ये टोल बसला, आणि त्या टोलविरुद्ध सगळं गाव रस्त्यावर आलं. प्राध्यापक एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारखी वयानं थकलेली माणसं मोर्च्याच्या पुढं चालत होती. २०१५ च्या अखेरीस टोल गेला. रस्ते राहिले. ते भरायला किती वेळ लागला? पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाचंही तसंच. जुना पूल ब्रिटिश अमदानीतला. शेजारच्या पर्यायी पुलाचं काम जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीमुळं पुरातत्त्व कायद्यात अडकून कित्येक वर्षं रखडलं. जानेवारी २०१८ मध्ये एक मिनीबस जुन्या पुलावरून नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. पुढं नवा पूल झाला, तो हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. पण पूल मोकळा झाल्यावर गाड्या लवकर येऊन सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अलीकडं थांबायला लागल्या. कोंडी थोडी पुढं सरकली एवढंच. जितक्या लवकर माणसं मोपेड घेतात तितक्या लवकर पूल बांधून होत नाहीत.

या शहराला एके काळी हे चांगलं कळत होतं. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनच्या जवळ शाहूपुरीची पेठ वसवली. गूळ यायचा, तिथंच उतरायचा, तिथूनच रेल्वेत चढायचा. माल कुठून येणार, कसा येणार आणि कुठं उतरणार याचा विचार एकत्र झाला होता. आज आपण कॉलेज एकीकडं, दवाखाना दुसरीकडं, एमआयडीसी तिसरीकडं काढतो आणि माणसं तिथं कशी पोहोचणार हा प्रश्न ज्याच्या त्याच्या खिशावर सोडून देतो.

आता हद्दीचा मुद्दा. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली, आणि तेव्हापासून हद्दवाढीची चर्चा जेवढी झाली तेवढी दुसऱ्या कशाची झाली नसेल. महापालिकेचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत. पण रोज सकाळी शहरात असणारी माणसं साडेपाच लाख नसतात. भोवतालची गावं आत येतात, दवाखान्यात येतात, दुकानात उभारतात, शिकतात, कोर्टात खेपा घालतात. संध्याकाळी परत जातात. शहराची रात्रीची लोकसंख्या एक आणि दिवसाची दुसरी, आणि बसचं गणित मात्र रात्रीच्या लोकसंख्येवर मांडायचं.

केएमटी ही शहराची बससेवा महापालिकेची. तिचा तोटा महापालिकेच्या तिजोरीतून भरायचा. मग शहरातला करदाता विचारतो, की खेड्यातल्या माणसासाठी आम्ही का पैसे भरायचे? हा प्रश्न चुकीचा नाही. आणि गावातला माणूस म्हणतो, हद्दवाढ नको, आमची शेतं राहू देत, तुमचे कर नकोत. तेही मला समजतं. मी त्याच गावात राहते, ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत मीही असते. पण हद्द आणि बस या दोन गोष्टींची गाठ कायमची मारून ठेवायची काय गरज आहे? हद्दवाढीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. या गावांतल्या बांधकामांना परवानगी देताना विकास शुल्क घेतलं जातं. शेताच्या जागी अपार्टमेंट उभी राहते, तिच्या तळमजल्यावर पार्किंग सक्तीचं असतं, ते बघितल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. पण त्या अपार्टमेंटमधल्या माणसाला बस मिळणार का, हे कुणी विचारत नाही. त्या शुल्कातला ठरावीक हिस्सा बससाठी बाजूला काढला, त्यात ग्रामपंचायतींनी आपला वाटा घातला, औद्योगिक वसाहतींनी कामगारांच्या पाळीच्या गाड्यांचा भार उचलला, तर शहराच्या करदात्याचा प्रश्न बराचसा मिटतो. हे जमवायला कायदा उलटापालटा करावा लागत नाही. एकत्र बसायला लागतं आणि कुणी किती द्यायचे ते ठरवायला लागतं.

"पण बस तोट्यातच असते," असं म्हणून हा विषय संपवणारे भेटतात. सार्वजनिक रस्ता कधी नफ्यात असतो का? दिव्याचा खांब? पाण्याचा निचरा करणारी गटार? खड्डे भरायला दरवर्षी जे पैसे जातात त्यांना कुणी तोटा म्हणत नाही, त्यांना खर्च म्हणतात. बसचा पैसा तेवढा तोटा. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्पष्ट लिहिलंय की रस्त्यावरची जागा वाहनांच्या संख्येनुसार वाटायची नाही, माणसांच्या संख्येनुसार वाटायची. आणि केंद्रीय नगरविकास खात्याच्या मापदंडात चांगली बससेवा म्हणजे दर हजार माणसांमागे ०.६ बस. साडेपाच लाखांच्या कोल्हापूरला सव्वातीनशेच्या वर गाड्या हव्यात, तेही भोवतालची गावं न धरता. केएमटीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

मधल्या काळात गावं चालवली ती वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं. त्याबद्दल शहरात नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. फाट्यावर जीप उभी असते, पोरगा "शिवाजी पूल, शिवाजी पूल" असं ओरडत असतो, "आणखी दोन बसा की, निघालोच" म्हणत म्हणत बाराव्याला जागा करतो. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे खरं. पण भरली की निघते, हेही खरं. वेळापत्रक नसलेल्या या गाडीवर लोकांचा विश्वास बसतो, कारण गाडी समोर दिसते. ड्रायव्हरचा फोन नंबर गावातल्या निम्म्या बायकांकडं असतो. बाजाराच्या दिवशी पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांना तो थांबून घेतो, म्हातारीला दवाखान्याच्या दारात उतरवतो. कुठल्या वेळेला कुठून किती माणसं निघतात हे या ड्रायव्हर मंडळींएवढं कुणालाच ठाऊक नाही. नवे मार्ग आखताना सल्लागार नेमतात. आधी या माणसांना चहाला बोलवावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या गाड्यांची तपासणी करून, माणसांची मर्यादा घालून, ज्या वाड्यावस्त्यांवर मोठी बस वळत नाही तिथून मुख्य फाट्यापर्यंतचा परवाना त्यांना द्यावा. पोलीस आला की आडबाजूला पळणारी गाडी तीच, तिला नंबर दिला, थांबा दिला, तर ती व्यवस्थेचा भाग होते.

वडापची उणीव संध्याकाळी कळते. सात वाजून गेले की फाट्यावर जीप नसते, कारण परतीचं गिऱ्हाईक विखुरलेलं असतं. आणि इथं मला थोडं थांबायचंय, कारण शहराच्या कोंडीचा एक मोठा भाग या शेवटच्या गाडीत दडलाय आणि तो कुणाच्या मोजणीत येत नाही.

महाद्वार रोडवर, राजारामपुरीत, भाऊसिंगजी रोडवर साड्यांच्या, ड्रेसच्या, भांड्यांच्या दुकानांत काउंटरला उभारणाऱ्या किती बायका-मुली आसपासच्या गावांतल्या आहेत ते एकदा विचारून बघा. दुकान बंद व्हायला नऊ वाजतात. घड्या घालून, हिशेब देऊन बाहेर पडायला आणखी थोडा वेळ. माझी एक मैत्रीण अशाच दुकानात कामाला आहे. सुरुवातीला तिनं सगळ्या वाटा चाचपून बघितल्या. शेवटी तिचा नवरा रोज रात्री गावातून मोटरसायकल घेऊन निघायला लागला. तो दिवसभर शेतात असतो, संध्याकाळी डेअरीला दूध घालतो, जेवायच्या आधी पुन्हा कपडे बदलतो आणि शहरात येतो. पाऊस असो, थंडी असो, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर असोत. दुकानासमोर त्याच्यासारखे आणखी दहा-बारा जण गाड्या लावून उभे असतात. कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाची सून. एका माणसाला घरी न्यायला एक गाडी रिकामी शहरात येते आणि भरून परत जाते. एका फेरीच्या दोन फेऱ्या झाल्या. रस्ता अडवून उभ्या असलेल्या या गाड्यांवर कधी कधी कारवाई होते, क्रेन येते, सगळे पळापळ करतात. पण सव्वानऊला एक बस त्या रस्त्यावरून सुटली, रोज सुटली, तर यातली एकही गाडी तिथं येणार नाही.

सकाळचंही तसंच. मुलीला सोडायला वडील, सुनेला सोडायला सासरे. आणि ज्या घरात सोडायला-आणायला माणूसच नसतं तिथं मुलगी घरी राहते. अभ्यासिकेत रात्री आठपर्यंत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये गावच्या मुली कमी का दिसतात याचं कारण शोधायला फार लांब जायला नको, शेवटच्या गाडीची वेळ बघावी. एसटीनं मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट केलं, तेव्हा आमच्या गावच्या बायका किती सहज बाहेर पडायला लागल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय. बाजार, माहेर, दवाखाना, जोतिबा. ज्यांनी वर्षानुवर्षं गाव सोडलं नव्हतं त्या पिशवी काखेला मारून फाट्यावर उभारायला लागल्या. माणसांना बस नकोय असं कुणी म्हणालं की मला त्या बायका आठवतात. तिकीट स्वस्त झालं ते फार चांगलं झालं. आता वेळेचं बघायला पाहिजे, कारण नोकरीला जाणारीला पाच रुपये वाचण्यापेक्षा गाडी साडेआठची म्हणजे साडेआठलाच येणं जास्त मोलाचं आहे.

वेळ पाळता येत नाही याचं कारण विचारलं तर कुठलाही अनुभवी ड्रायव्हर एकच उत्तर देतो: चौकातच अर्धा तास जातो. म्हणजे ज्या कोंडीवर बस हा उपाय, त्याच कोंडीत बस अडकते. यातून वाट काढायला आख्खा रस्ता बससाठी राखून ठेवायला लागत नाही. आपले रस्ते तेवढे रुंद नाहीत आणि तसा हट्टही कुणी धरू नये. पण थांब्याच्या आगेमागे रिक्षा, टेम्पो, दुकानदारांच्या गाड्या लागलेल्या असतात म्हणून बस कडेला घेता येत नाही, ती मधोमध थांबते, मागचं सगळं थांबतं. तेवढी बसच्या लांबीची रस्त्याची कड मोकळी ठेवणं हे पहिलं काम. पांढरे पट्टे मारून ते होत नाही, तिथं सकाळी आठ ते अकरा एक माणूस उभा करायला लागतो.

दुसरं, मार्ग आरपार असावेत. आपल्याकडं गावाकडून आलेली गाडी बहुतेक शहराच्या पोटात येऊन संपते. रंकाळा, शाहू मैदान, मध्यवर्ती बसस्थानक. पण माणूस तिथं संपत नाही. बालिंग्याकडचा फौंड्री कामगार शिरोलीला चाललेला असतो, आमच्या काठावरचा गोकुळ शिरगावला. शहर त्याला फक्त ओलांडायचं असतं. पश्चिमेकडून निघालेली गाडी शहरातून थेट एमआयडीसीच्या गेटपर्यंत गेली, मधे उतरून दुसरी धरायची कटकट राहिली नाही, आणि ती पहिल्या पाळीच्या आधी पोहोचली, तर तो कामगार पहाटे अंधारात मोटरसायकल काढणार नाही. शेवटच्या थांब्यांवर वळण्यासाठी गर्दी करणाऱ्या गाड्याही कमी होतील.

देवळाभोवतीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर आधीच पुष्कळ बोललं जातं, म्हणून थोडक्यात. नवरात्रात, सुट्ट्यांत अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरून येणाऱ्या गाड्या महाद्वारापर्यंत येऊच नयेत. बाहेर गाडी लावा, लहान बसनं आत या, बिंदू चौकापासून चालत जा. जुन्या पेठा चालण्यासाठीच बांधलेल्या आहेत, गल्लीच्या रुंदीवरूनच ते कळतं. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद करतात आणि त्या गर्दीच्या रस्त्यावर दिवसभर लोक मोकळे चालतात. आपल्या व्यापाऱ्यांनी एकदा तिथं जाऊन गल्ल्यावर काय फरक पडतो ते विचारून यावं. उसाच्या हंगामाचंही असंच: कसबा बावड्याचा राजाराम कारखाना शहराच्या अंगालाच आहे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर नकोत. त्याच्या वेळा कारखाना, वाहतूकदार आणि पोलीस यांनी हंगामाच्या आधी बसून ठरवाव्यात. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावणं तर त्याहून सोपं. त्याअभावी गेलेले जीव आमच्या भागात प्रत्येक गावात सांगता येतील.

आता इलेक्ट्रिक बस येणार म्हणून सगळ्यांचं लक्ष आहे. केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १६९ शहरांसाठी १० हजार बस, आणि त्यात कोल्हापूरच्या वाट्याला १००. मला या बसबद्दल खरी आशा आहे. धूर नाही, आवाज नाही, चढायची पायरी खाली असेल तर गुडघे दुखणाऱ्या बायकांना आधार. या योजनेत गाडी ठेकेदाराची असते, त्याला धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात, तिकिटाचं उत्पन्न केएमटीसारख्या संस्थेकडं जातं. नाशिकची सिटीलिंक ही शहर बससेवा २०२१ पासून साधारण अशाच पद्धतीनं चालते. यात एक चांगलं आहे, ड्रायव्हरला प्रवासी पळवायची घाई राहत नाही. पण धोकाही आहे. किलोमीटर भरले की पैसे मिळतात. मग गाडी साडेआठला आली की सव्वानऊला, भरलेली होती की मोकळी, याची झळ ठेकेदाराला लागत नाही. ती लागेल अशी अट करारात घालून तिची रोज मोजणी करणारी माणसं नेमली नाहीत, तर नव्या कोऱ्या वातानुकूलित गाड्या रिकाम्या फिरतील आणि फाट्यावरची मुलगी मोपेडवरच राहील.

आणि मार्ग? ते शहराच्या नकाशावर मधून बाहेर आखले जातील याची मला धास्ती आहे. आधी रंकाळा, मग स्टेशन, मग विद्यापीठ, आणि गाड्या उरल्या तर गावं. हे उलटं व्हायला हवं. गावापासून आत यायला हवं, कारण मोपेड गावात विकत घेतली जाते. सगळ्या गावांना सगळ्या वेळा देणं पहिल्याच दिवशी जमणार नाही, हे कबूल. दहा गावांना प्रत्येकी चारच फेऱ्या द्या. पहिल्या पाळीची एक, कॉलेजची एक, दुपारची एक, रात्री नऊनंतरची एक. पण त्या चार वर्षभर, पावसात, परीक्षेत, यात्रेत, एकही न चुकवता सोडा. आणि गाडी कुठंवर आली ते फोनवर दिसू द्या. चाळीस फेऱ्या कागदावर असण्यापेक्षा चार पक्क्या असल्या तर लोक घरातली दुसरी गाडी घ्यायचं लांबणीवर टाकतील, एवढी मला आमच्या लोकांची माहिती आहे.

टोलच्या वेळी हे शहर आणि भोवतालची गावं एकत्र आली होती. ट्रॅक्टर घेऊन शेतकरी आले, रिक्षावाले आले, वकील आले, घरातल्या बायका आल्या. त्या वेळी मागणी एका वाक्यात सांगता येत होती: टोल देणार नाही. बसची मागणी तशी एका वाक्यात मावत नाही, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही असं मला वाटतं. ती नेमकी करायला लागते, गावागावाची वेगळी.

आमच्या बचत गटानं त्यासाठी एक कागद केलाय. गुरुवारच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर प्रत्येकीनं आपापल्या गल्लीची माहिती भरायची. कोण जातं, कुठं जातं, किती वाजता पोहोचायला लागतं, परत कधी निघतं, आता कशानं जातं आणि महिन्याला त्यावर किती पैसे जातात. शेवटच्या रकान्यात लिहायचं, बस असती तर गेलं असतं पण आता जात नाही असं घरात कोण आहे. हा रकाना एका सुनेनं सुचवला. तिथं सगळ्यात जास्त नावं आलीत: डी.एड. अर्धवट सोडलेली, डायलिसिसला आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जाणारा, शिवणक्लास बंद केलेली, रंकाळ्याजवळच्या मुलीकडं जाऊ न शकणारी आई. पाळीवाल्यांना सकाळी सव्वासहाची गाडी हवी आहे, दुकानवाल्यांना रात्री सव्वानऊनंतरची. या दोन वेळांवर गावात कुणाचंच दुमत नाही. कागद ग्रामसभेच्या ठरावाला जोडून केएमटी, एसटी आणि प्राधिकरण अशा तिन्ही ठिकाणी द्यायचं ठरलंय. शेजारच्या गावच्या गटानं आमच्याकडून कोरे रकाने नेलेत. त्यांच्याकडं पाळीवाले जास्त आहेत, त्यामुळं त्यांनी एमआयडीसीच्या गेटचा आणखी एक रकाना वाढवलाय.